यादीतलं एक नाव

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करायला बसलं की एका नावापाशी पेन अडतं ना? ज्यांचे यजमान गेले, त्या शेजारच्या वहिनींना बोलवायचं की नाही! मी तर म्हणते, सरळ बोलवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ १७ मेला, इतर ग्रामपंचायतींनीही तसंच करावं म्हणून सरकारनं परिपत्रक काढलं. खेड्याला जमलं, मग आपल्या कॉलनीचं काय अडलंय?

पण कुंकवाहून अवघड असतो तो रोजचा दिवस. आमच्या समोरच्या काकू सांगतात, एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. चहाचं आधण मात्र अजून दोन कपांचंच ठेवलं जातं. येणारीजाणारी माणसं काकांचा विषयच टाळायची. शेवटी काकूच एकदा म्हणाल्या, "अगं, माणूस गेलं, नाव कशाला घालवता?" तिथीला गुरुजी सांगतील ते त्या करतातच, पण काकांच्या वाढदिवसाला कांदाभजी तळून शेजारीपाजारी वाटतात. (काकांना त्यांचं पथ्य होतं, तरी चोरून खायचे!)

आणि हो, बँकेतलं खातं दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं आहे का, ते या रविवारी ह्यांना विचाराच. अशुभ कसलं त्यात? काकूंचं खातं तसं होतं, म्हणून दहाव्याच्या आत गॅस संपला तेव्हा सिलिंडरच्या पैशांसाठी त्यांना दिरांपुढे हात पसरावा लागला नाही.