मूर्ती कुणाची, हात कुणाचा?

नामवंतांचे हुबेहूब पुतळे पाहण्यासाठी आपण तिकीट काढून रांगेत उभे राहतो. काही हौशी मंडळी तर स्वतंत्र मूर्तिकारांकडून ते घडवून घेऊन घरीही ठेवतात. या छंदाला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. खेळाडू आणि नटनट्यांचे पुतळे जमविणे म्हणजे पैशाची उधळपट्टी, असे ते म्हणतात. माझी तक्रार निराळी आहे. पुतळा कुणाचा, हे प्रत्येक जण विचारतो. तो कुणी घडविला, हे कुणीच विचारीत नाही.

मेणाचा एक पुतळा म्हणजे काय कष्ट असतात, याचा विचार करावा. आधी मातीत चेहरा घडवायचा, त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढायचा, मग मेण ओतायचे. मेण थंड होताना आकसते, म्हणून मूळ चेहरा किंचित मोठा करावा लागतो. डोक्यावरचा एकेक केस सुईने रोवावा लागतो. एवढे करून लोक म्हणतात, ‘अगदी कपिलदेव!’ आणि पुढे सरकतात. लोणावळ्याला मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय थाटणारे केरळचे मूर्तिकार सुनील कंडल्लूर यांनी आपले नाव थेट संग्रहालयालाच दिले. कुणी याला आत्मप्रौढी म्हणेल. मला तो शहाणपणा वाटतो. न विचारणाऱ्यांना उत्तर दारावरच मिळालेले बरे!

आपल्या कोकणचेच उदाहरण घ्या. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली जन्मलेल्या विनायक पांडुरंग करमरकरांचे मंदिराच्या भिंतीवरील चित्र कुलाब्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. ‘हे कुणी काढले?’ या एका प्रश्नाने तो मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचला. पुण्यातील शिवरायांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा ही त्याच करमरकरांची निर्मिती. तो पाहणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

यावर एक आक्षेप हमखास येतो: ‘साच्यातली नक्कल निम्म्या किमतीत मिळते, मग मूळ मूर्तिकाराकडे कशाला जावे?’ किंमत निम्मी होते, कारण चेहऱ्याचा अभ्यास ज्याने केला त्याचे वेतन त्यातून वगळलेले असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने साचे आणि प्रतिकृतींसह शिल्पाला संरक्षण दिले आहे, आणि कृती विकल्यावरही ती आपली म्हणून सांगण्याचा कलावंताचा हक्क अबाधित ठेवला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने तर, मूर्तिकार कॉपीराइटचा प्रथम धनी असेल आणि मूळ कृती पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस विकली गेली, तर त्या किमतीत त्याला १० टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना, विज्ञान भवनातून सरकारनेच काढून टाकलेले त्यांचे भित्तिशिल्प परत देवविले आणि नुकसानभरपाईही दिली. कायदा जागा आहे. झोपलेला आहे तो ग्राहक.

हा ग्राहक कसा असावा, हे शिकायला दूर जावयाला नको. रत्नागिरीतले आपले शेजारी भाद्रपदाआधीच गणपतीच्या शाळेत आपला पाट नेऊन देतात. मूर्तिकार त्यांना नावाने ओळखतो, ते त्याला. आजोबांनी ज्या शाळेत पाट दिला तेथेच नातू देतो. मूर्ती दीड दिवसाची असो की पाच दिवसांची, नाते पिढ्यांचे असते. मग आयुष्यभर घरात राहणारा पुतळा घेणाऱ्याने घडविणाऱ्याचे नावही विचारू नये?

आता थोडे आपल्या अंगणातही डोकावू या. चर्चमध्ये एखाद्या संताची नवी मूर्ती बसते, आशीर्वाद होतो, आणि चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते. मूर्तिकाराचे नाव मात्र आपण बिलाच्या कागदावर ठेवून देतो. नाझरेथच्या सुताराला प्रभूचा पालक म्हणून मान देणाऱ्या आपण हातांचा असा विसर पाडावा, हे शोभत नाही. पुढची मूर्ती घेताना, मग ती संताची असो वा क्रिकेटपटूची, पाटीवर एक ओळ अधिक कोरावी. तिचा खर्च काही फार येणार नाही.