मुरुमाची बाजू

भाचा पुण्याहून आला आणि उंबऱ्यातच बूट काढता काढता म्हणाला, "मामा, उंब्रजला ग्रॅव्हल कुठं मिळेल?"

मी म्हणालो, "किती ब्रास पाहिजे?"

यात माझी काय चूक? बँकेत घरबांधणीच्या कर्जाची अंदाजपत्रकं तपासण्यात ज्याची वीस वर्षं गेली, त्याला खडी म्हटलं की ब्रासच आठवणार. भाच्यानं मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्यादेखत चहात मीठ घातलं. मग तो बाहेर गेला आणि मोटारीच्या टपावरून एक सायकल उतरवून घेऊन आला. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. टायर चाळीस मिलिमीटरचे, म्हणजे आमच्या दूधवाल्याच्या सायकलीला शोभतील असे. ब्रेक मोटारसायकलीसारखे चकतीचे. घंटा नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. किंमत ऐकून सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत स्टँडसुद्धा देत नाहीत?"

या यंत्राला म्हणे ग्रॅव्हल बाइक म्हणतात. खडीच्या आणि मुरुमाच्या रस्त्यावरून जाण्यासाठी ती मुद्दाम बनवलेली असते. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये अशा रस्त्यांवरची शर्यत २००६ पासून भरते आणि २०२२ साली इटलीत तिचं पहिलं जागतिक अजिंक्यपदसुद्धा झालं. स्कॉटलंडात ग्लासगो शहराच्या आसपास डोंगर, तळी आणि रानं यांतून असेच रस्ते आहेत. तळ्याला तिकडे ‘लॉख’ म्हणतात. भाचा पुढच्या वर्षी तिकडे जाणार होता. खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी करून घ्यायला माणूस पासपोर्ट काढतो, हे ऐकून मला आमच्या पिढीची कीव आली. आम्ही ती इथंच फुकट करून घेतली.

मी म्हणालो, "अरे, उद्या पहाटे चल माझ्याबरोबर."

पहाटे निघालो. तो त्याच्या सायकलवर, मी माझ्या. माझीला स्टँड आहे. आधी मठातल्या मारुतीला नमस्कार केला. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात आमच्या पंचक्रोशीतच आहेत: उंब्रजचा एक, माजगावचा एक, चाफळचे दोन, शिंगणवाडीचा एक आणि कृष्णा ओलांडली की मसूर व शहापूरचे दोन. समर्थांनी हे मारुती आखताना सायकलवाल्यांचा विचार केला नसेल, पण अंतरं पाहिली की तशी शंका येते. चरेगाव, माजगाव करत चाफळला रामाचं दर्शन घेतलं आणि शिंगणवाडीला गेलो. तिथल्या मारुतीला ‘खडीचा मारुती’ म्हणतात, हे सांगताच भाचा सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "म्हणजे ग्रॅव्हलचा देव!" त्यानं हेल्मेट काढून हात जोडले.

इथून मी मिसळीच्या दिशेनं परत फिरलो. तो एकटा पुढचा घाट चढून सडावाघापूरच्या पठारावर गेला. तिथं पवनचक्क्या आहेत आणि पावसाळ्यात वारा धबधब्याचं पाणी खाली पडूच देत नाही, उलटं वर उडवतो. मग तो तारळ्याकडे उतरला आणि तारळीच्या खोऱ्यातून संध्याकाळी घरी आला. तारळी धरणाचं पाणी पाहून आला होता, चाफळजवळच्या उत्तरमांडचं पाहायचं राहिलं, म्हणून हळहळत होता.

मी विजयी मुद्रेनं विचारलं, "काय, झाला की नाही ग्लासगो?"

"मामा, डोंगर आहे, पाणी आहे, रान आहे. पण खडी कुठं आहे? अर्ध्या वाटेला डांबर, अर्ध्या वाटेला काँक्रीट. आणि जिथं नकाशात पाणंद दाखवलीय, तिथं ऊस!"

आता वाचक हो, इथवर गंमत झाली. इथून पुढे मी भांडणार आहे.

पाणंद म्हणजे काय हे शहरी वाचकांसाठी सांगतो. दोन्हीकडे शेतं, बांधावर घाणेरी आणि बाभळी, मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, ती पाणंद. पीककर्जाच्या निमित्तानं सातबाऱ्याबरोबर गावनकाशेही माझ्या टेबलावरून जातात. नकाशात पायवाट एका तुटक रेषेनं दाखवतात आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर जा. रेषा तुटक असतात, पण वाट त्याहून तुटक असते. एकवीस फुटांची आठ फूट झालेली असते आणि त्या आठांत दोन फूट घाणेरी.

ही वाट कुणी चोरानं रात्रीत पळवली नाही. अलीकडच्या शेतकऱ्यानं दरसाल एक सरी इकडून घेतली, पलीकडच्यानं एक सरी तिकडून घेतली. दोघंही देवभोळे, दोघंही दुसऱ्याच्या अतिक्रमणाबद्दल संतापलेले. बँकेत आम्ही याला चक्रवाढ म्हणतो.

तुम्ही म्हणाल, चार हौशी सायकलवाल्यांसाठी एवढा आरडाओरडा? तर ऐका. माझ्या लहानपणी मी वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून पाणंदीनं शाळेत जात असे. पडलो तर मुरुमावर पडायचो. गुडघा फुटायचा, त्यावर माती दाबायची, पुढे जायचं. आज तेच पोर घराबाहेर पडलं की थेट महामार्गावर येतं. या शतकाच्या सुरुवातीला तो चौपदरी झाला आणि तेवढ्यानंही त्याचं पोट भरलेलं नाही. सेवारस्त्यावर उलट्या दिशेनं येणारी मोटारसायकल, सुलट्या दिशेनं येणारा उसाचा ट्रॅक्टर आणि कुठल्याही दिशेनं येणारा डंपर, यांच्यामधून दप्तर पाठीला लावून जाणाऱ्या पोराला कुठलं हेल्मेट वाचवणार? सायकलीनं जाणारा माणूस गरीब असो की भाच्यासारखा हौशी, त्याला हवी असते ती एकच गोष्ट: मागून हॉर्न न वाजणारा रस्ता. तो आपल्याकडे होता. आपण तो नांगरला.

उरलेल्या पाणंदींचं आपण भलं करायला निघालो, तेही पाहा. सरकारनं २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना काढली. हेतू उत्तम. शेतकऱ्याचा ऊस चिखलात अडकू नये हे मलाही कळतं. त्याची ट्रॉली अडकली की माझा हप्ता अडकतो. पण पाणंद म्हटलं की पुढाऱ्याला काँक्रीटच का सुचतं? चांगला दाबलेला मुरूम, मधे थोडा उंचवटा, दोन्ही बाजूंना गटार, ओढ्यावर सिमेंटचा पाइप आणि पावसाळा संपला की थोडी भर, एवढ्यावर उसाची ट्रॉलीही जाते आणि सायकलही. काँक्रीटमध्ये पाणी मुरत नाही, ते शेजारच्या रानात घुसतं. त्यावरून गाडी सुसाट जाते, म्हणजे महामार्गाचा एक तुकडा घराच्या मागच्या दारी आला. पण मुरुमाचा मोठा दोष असा, की त्याची दरवर्षी काळजी घ्यावी लागते आणि दरवर्षी त्याचं उद्घाटन करता येत नाही.

ग्लासगोला पिण्याचं पाणी १८५९ पासून लॉख कॅट्रिन या तळ्यातून येतं. त्याच्या उत्तर काठानं पाणीखात्याचा रस्ता आहे. लोकांच्या मोटारींना तिथं मज्जाव आहे, चालणाऱ्यांना आणि सायकलींना मुभा आहे. आमच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणारा कृष्णा कालवाही इंग्रजांच्या अमदानीतलाच. कालव्याकाठच्या वाटा अशाच मोकळ्या, सावलीच्या करायला कुणाची हरकत आहे? सावली होत नाही असं म्हणू नका. देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी लोकांना हाताशी धरून जंगल उभं केलं, ते १९८५ साली अभयारण्य झालं. तिथं डोंगर हिरवा झाला, इथं पाणंदीला दहा जांभळं लागणार नाहीत?

कायदा नाही असंही म्हणू नका. स्कॉटलंडनं माणसाला रानावनातून पायी किंवा सायकलीनं जाण्याचा हक्क कायद्यानं दिला २००३ साली. आमच्याकडे शेताची वाट अडवली तर ती मोकळी करून देणारा मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे. म्हणजे या बाबतीत आपण त्यांच्या सत्त्याण्णव वर्षं पुढे आहोत. कागदावर.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नकाशा काढा, पाणंद मोजा, सऱ्या परत घ्या, मुरूम टाका आणि मग, हात जोडून सांगतो, थांबा.

भाचा गेल्यावर चार दिवसांनी आमच्या शिवेवरचे एक आबा बँकेत आले. दुचाकीचं कर्ज हवं होतं.

"या वयात गाडी, आबा?"

"मला नगं साहेब, पोराला. नातीला शाळंत सोडाया. हायवेनं पोरीला सायकलवर कसं धाडायचं?"

"आबा, तुमच्या शेताकडेनं पाणंद जाते की. थेट शाळेमागे निघते."

आबांनी मोठा सुस्कारा सोडला. "पाणंद कुटं ऱ्हायलीया आता, साहेब? लोकांनी खाल्ली."

आबांच्या बांधाचा नकाशा माझ्या खणातच होता. दरसाल एक सरी या हिशेबानं त्यांच्या वाट्याला आलेला ऊस आणि दुचाकीचं पाच वर्षांचं व्याज, यांची वजाबाकी मी मनातल्या मनात केली. उसात काही परवडत नव्हतं. पण आबांना ते सांगण्याचा अधिकार कारकुनाला नसतो. मी अर्ज पुढे केला आणि म्हणालो, "इथं अंगठा नको आबा, सही करा. सावकाश. घाई नाही."