पाळणाघराच्या जागी आठ वर्षांची पोर

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अॅग्रो. ही नावे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. कोणाचे रोजचे गाळप किती, उतारा किती, पहिली उचल किती बसली, याचा काथ्याकूट इथल्या प्रत्येक पारावर चालतो. मग एक आकडा आम्हीही मागतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डीकडून दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जे हजारो संसार या दोन तालुक्यांत येऊन उतरतात, त्यांच्यासोबत सहा वर्षांखालची मुले किती येतात? साखरेच्या पोत्यापोत्याचा हिशेब ठेवणाऱ्यांनी या लेकरांचा हिशेब एकदा जाहीर करावा.

नोकरीनिमित्त बारामतीत बदलून आलेल्या साहेबाचे मूल तीन वर्षांचे झाले की नर्सरी, ज्युनिअर केजी, बसची सोय, डब्यात काय द्यावे याचा तक्ता, सारे हात जोडून उभे असते. ते मिळावेच; त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्याच शहरापासून काही कोसांवर, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत राहणारे त्याच वयाचे मूलसुद्धा गाव सोडूनच आलेले आहे. त्याचे आईबापही कामासाठीच आले आहेत. मग त्याच्या वाट्याला पाचट का?

पहाटे चारला टोळी उठते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई किंवा एकटा गडी असेल तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. अंधारात भाकरी थापून, कालवण गाडग्यात बांधून आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते तेव्हा तान्हे तिच्या कडेवर असते. फडात पोचल्यावर बांधावर झाड असेल तर झोळी बांधायची, नसेल तर पाचटाचा ढीग करून त्यावर पटकूर अंथरायचे आणि मूल निजवायचे. जानेवारीत त्या पाचटावर दहिवर साचलेले असते. आई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. मूल रडले म्हणून थांबायची तिला सवड नाही. त्या मुलाकडे बघते ती त्याची आठ वर्षांची बहीण. तिच्या पायाला पाचट कापलेले, कडेला भावंड आणि हातात उसाचे कांडे. ट्रॅक्टर मागे सरकताना भावाला ओढून बाजूला घेणे हे तिचे काम. तिचा हात कमी पडतो तेव्हा काय होते, ते पेपरच्या कोपऱ्यातल्या चार ओळींत छापून येते.

राज्याचे सारे धोरण जिथे फसले आहे ती जागा हीच. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड, २०२१ ची संत भगवानबाबा वसतिगृह योजना, या साऱ्यांची नजर शाळेच्या वयाच्या मुलावर आहे. हेतू चांगला आहे, पण हिशेब अपुरा आहे. तान्ह्याचे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही, म्हणून आईने आपल्या परीने उत्तर काढले. तिने मोठ्या मुलीला शाळेतून काढले. पाळणाघर नसल्यामुळे तिची शाळा बुडते आणि नंतर शिक्षणखाते तिच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लिहून मोकळे होते. ज्या पोरीने राज्याचे काम आपल्या कडेवर घेतले तिच्यावरच गैरहजेरीचा शेरा! हा अन्याय आहे आणि दर गाळप हंगामात तो उघड्या डोळ्यांनी घडू दिला जातो.

साखरशाळांचेही असेच झाले. नव्वदच्या दशकात कार्यकर्त्यांनी कारखान्याच्या तळावर शाळा मांडल्या. पुढे शिक्षणहक्क कायदा आला आणि या शाळा दुय्यम आहेत, मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घाला, असे ठरले. तत्त्व म्हणून ते बरोबरच होते. मजुराच्या मुलाला कमअस्सल शाळा का? पण साखरशाळा कोप्यांच्या दाराशी होती. बहीण भावंडाला घेऊन तिथे बसू शकत होती. दोन-तीन किलोमीटरवरच्या चौथीच्या वर्गात तान्हे मूल घेऊन कोण बसू देईल? एक दार बंद करताना दुसरे उघडायचे असते, ते राहून गेले.

“ही माणसे चार महिन्यांची, त्यांच्यासाठी अंगणवाडी कशी काढणार?” हा सरकारी कचेरीतला ठरलेला सवाल आहे. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्येच दिले आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत तिथल्या लोकांनी अंगणवाडी मागितली, तर मागणीपासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी लागेल, असा तो आदेश. ग्रामीण वस्ती आणि झोपडपट्टी दोन्ही त्यात आली. कारखान्याच्या तळावरच्या कोप्या ही वस्ती नव्हे काय? तिथे ४० मुले भरत नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणावे! अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. गाव सोडले म्हणून हक्क सुटतो, असे त्या कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. केंद्राच्या १९७१ च्या कंत्राटी कामगार नियमांत तर, वीस स्त्रिया कामाला असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी दोन खोल्या, एक खेळायची आणि एक निजायची, असे लिहून ठेवले होते. फडातल्या बाईला मात्र कारखाना आपली कामगार मानत नाही. ती टोळी आणणाऱ्या मुकादमाची, मुकादम ठेकेदाराचा, आणि ऊस तेवढा कारखान्याचा! ही पळवाट ज्यांनी शोधली आणि जे तीतून वर्षानुवर्षे चालत आले, त्या साऱ्यांना आम्ही या लेकरांचे देणेकरी मानतो.

माहिती नव्हती, ही सबबही टिकणारी नाही. मुकादम मजुरांना पावसाळ्यातच आगाऊ उचल वाटतो. कोणत्या गावचे किती कोयते कोणत्या कारखान्याला जाणार, हे बॉयलर पेटण्याच्या कितीतरी आधी करारात उतरलेले असते. कारखान्याच्या शेतकी विभागाच्या त्याच कागदावर मुलांची नावे आणि वये लिहायला एक रकाना पुरेल. गावच्या अंगणवाडी सेविकेच्या वहीत ती मुले आहेतच. ती नावे इकडच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे मूल पोचण्याआधी पोचली पाहिजेत. बारामतीत उसाच्या शेतीला कृत्रिम बुद्धिमत्ता जोडून मातीतला ओलावा मोजला जातो, त्याचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच झाले. त्याच उसाच्या सरीत निजलेल्या मुलाचे वजन मोजायला तर साधा काटा लागतो.

नुसती अंगणवाडी मात्र पुरणार नाही, हेही इथेच सांगतो. ती सकाळी उशिरा उघडते आणि दुपारी मिटते. कोयता पहाटे निघतो आणि दिवस मावळल्यावर परततो. रात्री-अपरात्री वाहन भरायला पुन्हा जावे लागते. म्हणून तळावर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चालणारे पाळणाघर हवे. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामाच्या जागेवर तंबू ठोकून मजुरांच्या मुलांसाठी ते करून दाखवले. पुढे मुंबई-पुण्यातही ते झाले. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी मांडली, मुले येईनात तेव्हा ती पाड्यावर, झाडाखाली, अंगणात नेली. गुरे राखणारी पोरे कुरणातून हलू शकत नव्हती म्हणून शाळाच कुरणात नेली; तीच त्यांची कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे बाईंनी जायचे, हा महाराष्ट्राने देशाला घालून दिलेला धडा आहे. ज्या राज्याने कुरणशाळा काढली त्याला फडाच्या कडेला पाळणाघर काढता येत नाही, हे आम्ही मानत नाही.

पैसा? तो आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तितकेच राज्याने द्यायचे ठरले आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे त्यात एक कोटी होतात, आणि त्याहून जास्त गाळणारे कारखाने याच पट्ट्यात आहेत. टोळीत कंबर गेलेली, मोळी उचलता न येणारी एखादी आजी असते. तिच्यासारख्या दोघीतिघींना शिकवून, कोयत्याइतकी मजुरी देऊन नेमले, पत्र्याची शेड, पाणी, संडास आणि दोन वेळचे ताजे अन्न दिले, तर त्या एका कोटीला फारशी झळ लागणार नाही. ऊसतोड मजुरांच्या संघटनांनाही आमचे विचारणे आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवून घेतलात, चांगले केलेत. पुढच्या मागणीपत्रकात पाळणाघर पहिल्या ओळीत घालणार का?

कर्मयोगी कारखाना ज्या वसाहतीत उभा आहे तिचे नाव महात्मा फुलेनगर. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बजावले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्यांना मिळतो. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. त्यांचे नाव पाटीवर लावणाऱ्या पट्ट्यात घाम गाळणाऱ्याचे लेकरू उघड्यावर निजत असेल, तर ती पाटी उतरवावी किंवा ते लेकरू छताखाली घ्यावे.

न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घातली आहे. ऑक्टोबरात मोळी पडायची असेल तर अर्ज जुलैतच गेला पाहिजे. उचल घेताना बीडकडच्या प्रत्येक आईने मुलांची यादी मुकादमाच्या कराराला जोडून मागावी. या पट्ट्यात कोप्यांवर जाऊन शिकवणारे जे कार्यकर्ते आहेत त्यांनी ती एकत्र करावी. ग्रामसभांनी ठराव करून बारामती आणि इंदापूरच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवावी आणि पोच घ्यावी. पोचेची एक प्रत आमच्याकडे पाठवा. मुदत टळली की कोणत्या तळावर, कोणत्या तारखेचा, किती मुलांसाठीचा अर्ज पडून आहे, ते आम्ही याच जागी दर आठवड्याला छापू.