मेणाची माती त्यांची, जागलीची रात्र आपली



कपाशीला बोंडे धरली आणि ज्वारी हुरड्यात आली की कोरडवाहू शेतकऱ्याची रात्र संपते. दिवसभर रानात राबायचे आणि अंधार पडला की माळ्यावर जागल करायची. डबे बडवायचे, फटाके फोडायचे, धुऱ्यावर शेकोटी पेटवायची. एका रात्री डोळा लागला की रानडुकरांचा कळप ज्वारी आडवी करून जातो. रोही कपाशीचे शेंडे खुडून जातात. या दिवसांत जिल्ह्याच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतला शेतकरी अशा जनावरांचे काय करतो? या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज बंदुकीपासून सुरू करत नाही. ते मातीपासून सुरू करतो, कारण मातीत आपले सर्वांचे आयुष्य गेले आहे.

अमेरिकेत कोयोट नावाचे जनावर आहे. अंगाने कोल्ह्यापेक्षा मोठे, लांडग्यापेक्षा लहान. ते मेंढ्यांची कोकरे आणि गाईंची वासरे उचलते. त्याला धरण्यासाठी तिथे पाय पकडणारा लोखंडी सापळा जमिनीत उथळ खड्डा करून बसवतात आणि वरून चाळलेली माती पसरतात. सापळा जरा डुगडुगला तरी कोयोट सावध होतो, म्हणून तो माती ठासून पक्का बसवावा लागतो. पण तिथला हिवाळा कडक. पावसाने किंवा बर्फाने भिजलेली माती रात्री गोठून दगड होते. मग जनावर वरून चालून गेले तरी सापळा मिटत नाही.

यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे मेणाची माती. उन्हाळ्यात कोरडी, वाळूमिश्रित माती जमवायची आणि खडे, मुळ्या, काडीकचरा चाळून काढायचा. कडक उन्हात काळ्या ताडपत्रीवर ती पसरायची, वर बिनवासाच्या पॅराफिन मेणाचा चुरा टाकायचा आणि मेण वितळेल तशी माती खालीवर करत राहायची. निवेपर्यंत हात थांबवायचा नाही, नाहीतर गोळे होतात. मग ती झाकणाच्या बादल्यांत हिवाळ्यासाठी भरून ठेवायची. मेणाला बिनवासाचेच का? कारण कोयोटचे नाक तिखट असते. काही जण मीठ किंवा कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. त्यानेही माती गोठायची थांबते, पण ते ओल ओढते आणि लोखंड गंजवते.

शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाला यातले मर्म लगेच कळते. मातीच्या कणावर मेणाचा पातळ थर बसला की कणांमधल्या फटी पाणी ओढून घेत नाहीत. जे पाणी मातीत शिरलेच नाही ते गोठणार कुठून? आपल्या काळ्या कसदार मातीत हे साधायचे नाही. तिचे कण इतके बारीक की सगळ्यांना माखायला मेण पुरायचे नाही. शिवाय भिजली की ती फुगते आणि वाळली की भेगाळते.

कोणी म्हणेल, ही माहिती आम्हाला कशाला? सापळा लावायचा का? नाही. आम्ही स्पष्ट सांगतो, आपल्या रानात असा सापळा कोणी लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावून जनावर धरणे हीसुद्धा शिकारच आहे, आणि फास व सापळा ही हत्यारे आहेत. शिवाय सापळा आंधळा असतो. डुकरासाठी लावलेल्या सापळ्यात वाघाचा पाय पडू शकतो, शेजाऱ्याच्या बैलाचाही आणि लेकराचाही. युरोपातल्या देशांनी पाय पकडणाऱ्या सापळ्यावर १९९५ पासून बंदी घातली ती उगीच नाही. जनावराचे हाल हा खोटा मुद्दा नव्हे, आणि ढोरामागे जन्म काढलेल्या शेतकऱ्याला ते कोणी शिकवायलाही नको.

आमचा मुद्दा वेगळा आहे. मेणाच्या मातीसारखी बारीक कला कुठे वाढते? जिथे पिकाचे आणि जित्राबाचे रक्षण हे कायद्याने मान्य काम असते, तिथे. मान्य काम असले की त्याला नियमही लावता येतात. तिथे राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, आणि लावलेला सापळा ठरल्या वेळात जाऊन पाहावाच लागतो.

कोलोरॅडो राज्याचे उदाहरण घ्या. तिथल्या मतदारांनी १९९६ साली थेट राज्यघटनेत दुरुस्ती करून असे सापळे, फास आणि विष यांवर बंदी घातली. पण त्याच दुरुस्तीत शेतकऱ्यासाठी एक दार ठेवले. पिकाचे किंवा जनावरांचे नुकसान चालूच आहे आणि इतर उपाय करूनही थांबले नाही, हे जागेवर दाखवले, तर स्वतःच्या रानात वर्षातून एकदा, ३० दिवसांपर्यंत त्याला मोकळीक मिळते. सापळ्याच्या विरोधात मत देणाऱ्यांनीही शेतकऱ्याला गुन्हेगार मानले नाही.

आपल्याकडे काय आहे? कायद्याच्या कलम ११ प्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारले गेले तर तो गुन्हा नाही. पिकासाठी मात्र ती सवलत नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याने कारणे लिहून लेखी परवानगी द्यावी, अशी तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे दार आहे, पण किल्ली साहेबाच्या खिशात. डुकरे रात्री येतात, आणि अर्ज फक्त कचेरीच्या वेळात चालतो. केंद्राने कलम ६२ खाली २०१५ साली बिहारात रोही आणि रानडुक्कर, तर २०१६ साली उत्तराखंडात रानडुक्कर काही मुदतीपुरते उपद्रवी ठरवले. केरळने २०२२ साली रानडुकराबाबतचे अधिकार पंचायतीच्या प्रमुखांपर्यंत नेले. म्हणजे इच्छा असेल तर वाट निघते.

वाट बंद ठेवली की माणूस चोरवाट धरतो. कुंपणात चोरून विजेचा प्रवाह सोडला जातो. त्यात डुक्कर मरते, वाघही मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच भाऊ मरतो. मागे राहतात विधवा आणि खटला. नियमाचा उपाय नाकारून सरकारने कोणाला वाचवले? वाघाला नाही, शेतकऱ्यालाही नाही.

म्हणून या सभेपुढे आमची मागणी मोजकी आहे. आम्हाला मोकाट सापळे नकोत, विष नको, जिवंत तार तर नकोच. पिकाचे नुकसान दाखवणाऱ्या अर्जावर ठरलेल्या दिवसांत लेखी हो किंवा नाही मिळाले पाहिजे, आणि नाही म्हटले तर पुढच्या नुकसानीची जबाबदारी नाही म्हणणाऱ्याने घेतली पाहिजे. रानडुकरांसाठी अख्खा कळप कोंडणारे मोठे पिंजरे वनखात्याने गावाला द्यावेत. एकदोन धरली तर उरलेली शहाणी होतात आणि पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत, म्हणून कळपच धरावा लागतो. हे काम शिकवलेल्या माणसांनी, नोंद ठेवून आणि पिंजरा रोज तपासून करावे.

तोवर आपले काम एकच. नुकसान झाले की त्याच दिवशी अर्ज द्या, पोच घ्या, तारीख लिहा, आणि पोचेची नक्कल पुढच्या सभेला घेऊन या. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. गावोगावच्या पोचपावत्यांचा गठ्ठा टेबलावर पडला की साहेबाला उत्तर द्यावेच लागते.