झेवियर यांच्या मुलुखाचं नाव काय?

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमध्ये ज्यांचं शव जतन करून ठेवलंय, ते सेंट फ्रान्सिस झेवियर सर्वांच्याच परिचयाचे. त्यांच्या नावाच्या शाळा-कॉलेजंही आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. पण ‘झेवियर’ हे मुळात माणसाचं नव्हे, घराचं नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवं. ‘एचेबेरी’ म्हणजे नवं घर. आपल्याकडे नवघर नावाची गावं आहेत ना, तसाच हा प्रकार! बोलता बोलता हा शब्द झिजला आणि त्याचं झेवियर झालं. १५०६ साली फ्रान्सिस जन्मले, तो स्पेनच्या नावार प्रांतातला वाडा याच नावाचा.

‘एचेबेरी’ हा शब्द स्पॅनिश नाही, तो आहे बास्क भाषेतला. बास्क लोक आपल्या भाषेला ‘एउस्कारा’ म्हणतात. जगातल्या आज बोलल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं जुळलेलं नाही. खुद्द झेवियर यांनी १५४४ साली भारतातून लिहिलेल्या पत्रात आपली जन्मभाषा हीच असल्याचं सांगितलंय. इथल्या लोकांना माझी भाषा कळेना आणि मला त्यांची, अशी त्यांची अडचण होती.

भाषा इतकी जुनी, मग ती बोलणाऱ्यांच्या मुलुखाचं नाव काय? इथेच खरी गंमत आहे, आणि वादही. कारण या मुलुखाला एक नाही, तीन नावं आहेत.

सर्वात जुनं नाव ‘एउस्काल हेरिया’. सोळाव्या शतकापासून ते लिखाणात आढळतं. ‘हेरी’ म्हणजे गाव, देश आणि लोकही. थोडक्यात, एउस्कारा बोलणाऱ्यांचा देश. त्यात सात प्रांत मोडतात, चार स्पेनमधले आणि तीन फ्रान्समधले. दोन देशांमधली सरहद्द या नावाला ठाऊकच नाही!

दुसरं नाव ‘एउस्कादी’. हे तसं अलीकडचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साबिनो आराना या पुढाऱ्यानं ते चक्क घडवलं. त्या काळी बिल्बाओच्या आसपास लोखंडाच्या खाणी आणि कारखाने जोरात होते. स्पेनच्या इतर भागांतून मजुरांचे लोंढे येत होते. या गर्दीत आपण बुडून जाऊ, या धास्तीनं आरानानं १८९५ मध्ये पक्ष काढला आणि बास्क वंशाच्या लोकांचा समूह अशा अर्थाचं हे नाव दिलं. शब्दाच्या शेवटी जोडलेला ‘दी’ एरवी झाडांच्या राईसाठी वापरतात. माणसांना राई कसं म्हणायचं, असं म्हणत भाषेच्या जाणकारांनी नाकं मुरडली. पण नाव रुजलं.

तिसरं नाव स्पॅनिश, ‘पाईस बास्को’, म्हणजे बास्क देश. १९३९ ते १९७५ या फ्रॅन्कोच्या हुकूमशाहीत ‘एउस्कादी’ म्हणणं म्हणजे फुटीरपणा ठरे. पुढे त्याच नावानं रक्तही सांडलं. १९५९ साली निघालेल्या ‘एटा’ या सशस्त्र संघटनेच्या नावातला ‘ए’ म्हणजे एउस्कादीच. २०१८ साली संघटना विसर्जित झाली, तोवर तिनं आठशेहून अधिक माणसांचे बळी घेतले होते.

१९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानं मधला मार्ग काढला. आलावा, गिपुस्कोआ आणि बिस्काया या तीन प्रांतांचं सरकारी नाव ‘एउस्कादी किंवा पाईस बास्को’ ठरलं. नावार मात्र वेगळा राहिला. म्हणून आजही नावारमधल्या माणसाला ‘एउस्कादीचा’ म्हटलं, तर तो तुम्हाला दुरुस्त करण्याची शक्यता जास्त! ‘एउस्काल हेरिया’ म्हटलं तर कुणी खूश होईल, कुणी कपाळाला आठ्या घालील. कोण कुठलं नाव वापरतो, यावरून त्याचं राजकारणही बरंचसं कळतं.

या वादाच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. बास्क म्हणायचं कुणाला? आरानाचं उत्तर होतं, रक्तानं बास्क असेल त्याला. त्याच्या सुरुवातीच्या मंडळात सभासद करून घेताना आजी-आजोबांची आडनावंसुद्धा तपासली जात. भाषेचं उत्तर मात्र निराळं आहे. बास्क माणसासाठी तिच्यात जुना शब्द आहे ‘एउस्काल्दुन’, म्हणजे ‘ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो’. यात रक्ताचा संबंध नाही आणि आडनावाचाही नाही. या हिशेबानं जुन्या बास्क घराण्यातला, पण फक्त स्पॅनिश बोलणारा माणूस बाहेर राहतो आणि अन्दालुसियातून आलेल्या मजुराची नात शाळेत भाषा शिकून आत येते.

अशा नातवंडांची संख्या वाढतेय. स्पेनमधल्या या तीन प्रांतांत १९९१ साली सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना एउस्कारा बोलता येत होती. २०२१ साली हे प्रमाण ३६ टक्क्यांवर गेलं. ही वाढ मुख्यतः शाळांमुळे झालीय.

मोठेपणी भाषा शिकलेल्यांसाठीही एक शब्द आहे, ‘एउस्काल्दुन बेरी’, म्हणजे नवा बास्क. झेवियर यांच्या नावातला ‘बेरी’ तो हाच. आणि रक्ताचा एवढा अभिमान बाळगणारा साबिनो आराना? त्याच्या घरी स्पॅनिश बोलत. एउस्कारा तो नंतर शिकला. म्हणजे तोही ‘बेरी’च की!