हातातले आधी टाका

५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च नावाच्या घळीत पंधरा अग्निशामक विमानातून उड्या टाकून उतरले. तिथे आधीच आग विझवणारा एक वनकर्मचारी त्यांना येऊन मिळाला. वाऱ्याने आग त्यांच्याच उतारावर आणली आणि ती वाळल्या गवतातून चढाने त्यांच्या मागे लागली. म्होरक्या वॅग डॉज याने अवजारे टाकायला सांगितले. मग काडी ओढून समोरचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या राखेत तो पालथा पडला. हाका मारूनही कोणी आले नाही. असे काही त्यांना कधी कोणी शिकवलेच नव्हते. डॉज आणि माथ्यापर्यंत पोचलेले दोघे वाचले. तेरा जण गेले.

१९५७ साली तिथल्या वनसेवेने दहा स्थायी आदेश काढले. ते पाठ असूनही ६ जुलै १९९४ रोजी कोलोरॅडोतल्या स्टॉर्म किंग डोंगरावर चौदा जण गेले. त्यांतल्या काहींच्या पाठीवरचे ओझे तसेच होते, हातातली अवजारेही सुटली नव्हती. जीव धोक्यात असताना माणूस कुदळ का सोडत नाही? कार्ल वाइक या अभ्यासकाने या प्रश्नाचा बराच पाठपुरावा केला. अवजार टाकले की आपण अग्निशामक उरत नाही, असे आतून वाटत असते, हे त्याने दिलेले एक कारण.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त टोचते. पाठीवरचा पाला उडवण्याचा ब्लोअर जळाला तर तो भरून द्यावा लागेल, ही हंगामी मजुराची धास्ती. ब्लोअरचे वजन दहा किलोच्या आसपास. वर टाकीत पेट्रोल. गेल्या महिन्यात मी तो पाठीवर घेऊन डोळे मिटून पट्टे सोडवून पाहिले. छातीवरचा चाप घामेजल्या बोटांना सापडेचना.

एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या वणव्यात आपले तीन हंगामी वनमजूर गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर चूक कोणाची एवढेच विचारून आपण थांबतो. त्या माणसांना त्या क्षणी ते पाऊल बरोबर का वाटले, हे विचारल्याशिवाय पुढच्या बीटवरचा वनरक्षक काही शिकणार नाही. आणि शिक्षेची भीती असेल तर वाचलेला माणूस खरे सांगणार नाही.

म्हणून परिक्षेत्र अधिकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. यंदा जाळरेषांची कामे सुरू होण्याआधी प्रत्येक टोळीला लेखी द्या: जीव वाचवताना टाकलेल्या यंत्राची वसुली होणार नाही. ते वाचून दाखवा, मराठीत, गोंडीत, कोरकूत. मग प्रत्येकाला ब्लोअर चढवून उतारावर पळायला लावा आणि ‘टाक!’ म्हणून ओरडा. किती सेकंद लागले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.