विकतचा बोजारा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावचे नाव वृत्तपत्रांत येते ते दगडांमुळे. जाम नदीच्या एका काठास पांढुर्णा, दुसऱ्या काठास सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड आणि त्यावरील झेंड्यासाठी चालणारी गोटमार, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व आम्हांस त्यात भर घालावयाची नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते त्याच दिवशी घरोघरच्या ओट्यावर होणाऱ्या एका लहानशा व्यवहाराविषयी. त्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, घरातील बाई त्या बैलास ओवाळते आणि मुलाच्या हाती काही खाऊ किंवा पैसा ठेवते. या देण्यास आमच्याकडे बोजारा म्हणतात. आमच्या कोकणी वाचकांस हा शब्द नवा असेल. परंतु सणाच्या दिवशी पोर दारी आले असता त्याची ओंजळ रिकामी पाठवू नये, ही भावना त्यांना नवी नाही.

गेल्या तान्ह्या पोळ्यास आम्ही एका मुलाची पिशवी ओट्यावर ओतून पाहिली. मुलगा मोठ्या अभिमानाने दाखवीत होता, म्हणून त्याचे मन मोडले नाही. पिशवीतून निघाल्या त्या सर्व टॉफ्या, लाल, सोनेरी आणि हिरव्या कागदातल्या. एकही लाडू नाही, गुळपट्टीचा तुकडा नाही, मूठभर फुटाणेही नाहीत. आम्ही त्यास विचारले, यांतील कोणती कोणाच्या घरची? तो गोंधळला. प्रश्नच त्यास समजला नाही. आमच्या लहानपणी हा प्रश्न कोणीही कोणास विचारीत नसे, कारण उत्तर जिभेवरच असे. सुंठ जास्त झाली ती कोपऱ्यावरच्या काकूंची, दातास चिकटते ती पाटलांच्या वाड्यातली, करपलेली असूनही गोड लागते ती आजीची. आता एका पिशवीत पंचवीस घरे असतात आणि पंचवीसही घरांची चव एकच असते.

आमची तक्रार एवढीच असती तर गतकाळाचे गोडवे गाणारा आणखी एक लेख म्हणून वाचकांनी हे पान उलटले असते, आणि ते योग्यच झाले असते. परंतु या प्रकरणास दुसरी बाजू आहे. याच भागातील एका देवळाच्या पंचांनी असे ठरविले की, प्रसादात टॉफी वाटावयाची नाही. कारण काय, तर टॉफी हा परकीय पदार्थ आहे आणि देवास तो चालत नाही. ठराव ऐकून काही मंडळींनी माना डोलावल्या, काहींनी नाके मुरडली. मुरडणाऱ्यांचे म्हणणे असे की, मुलांना आवडते, वाटण्यास सोपे आहे, कागदात असल्याने स्वच्छ आहे. मग अडविता कशाला? आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले दिसतात. एक पक्ष टॉफीस हाकलतो, दुसरा तिला दुकानातून आणतो. परंतु ती आपल्याच चुलीवर होते, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नाही.

प्रथम परकीयपणाचा विचार करू. टॉफी हा शब्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रूढ झाला, हे खरे. पण त्याच पदार्थाच्या मोठ्या घराण्यास इंग्रज जे नाव देतात ते कँडी. आणि कँडी म्हणजे अरबी-फारसीच्या वाटेने पश्चिमेस गेलेला आपला खंड, म्हणजेच खांड, हे कोणताही व्युत्पत्तिकोश सांगेल. शर्करेचेही तेच झाले. तीही देशोदेशी फिरून शुगर बनली. ऊस गाळून त्याचा रस आटविण्याची, त्याची खडी पाडण्याची विद्या या देशातून जगात गेली. आणि ज्या देवळात खडीसाखर चालते, साखरफुटाणे चालतात, पाडव्यास साखरेच्या गाठी देवाच्या गळ्यात पडतात, संक्रांतीस काटेरी हलवा चालतो, त्या देवळात पाक आटवून केलेली वडी परकी कशी? साखर अथवा गूळ, स्निग्ध पदार्थ आणि विस्तव, एवढ्यावर टॉफी होते. यांतील कोणती वस्तू सोवळ्यात बसत नाही, ते पंचांनी सांगावे. बसत नाही ती कारखान्यातील द्रवरूप ग्लुकोज आणि घट्ट केलेली वनस्पती चरबी. परंतु हा दोष टॉफीचा नव्हे, ती कोठून आणावी हे ठरविणाऱ्यांचा आहे. शिवाय ज्या वस्तूचा नैवेद्य वेष्टनासकट दाखवावा लागतो, तिच्याविषयी देवाने काय समजावे, हाही एक प्रश्नच आहे.

आता जी मंडळी म्हणतात, घरी टॉफी करणे म्हणजे मोठे खटले आहे, त्यांच्यासाठी ती कशी होते हे आम्ही येथे लिहितो. पाव किलो गूळ घ्यावा. आपल्या प्रांतात नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा गूळ प्रसिद्ध आहे. तो मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास बाजारातील चिकीचा गूळ चालतो. रंगाने फार पिवळाधमक दिसणारा गूळ टाळावा. तो रंग पुष्कळदा रसायनाने उजळलेला असतो. गूळ फोडून दोन मोठे चमचे पाण्यासह जाड बुडाच्या कढईत विरघळू द्यावा व एकदा गाळून घ्यावा, कारण गुळात कचरा असतोच. मग दोन मोठे चमचे तूप घालून मध्यम आंचेवर सराट्याने हलवीत राहावे. प्रथम फेस येतो, नंतर फेस दाट होऊन रंग गडद होतो. या वेळी शेजारी वाटीभर थंड पाणी असावे. पाकाचा थेंब पाण्यात टाकला आणि तो विरघळला, तर पाक कच्चा. बोटांत धरून त्याची मऊ गोळी झाली, तर तो गोळीबंद. वडीस पुरे, टॉफीस अपुरा. थेंब पाण्यात कडक होऊन, ताटलीवर टाकताच कट् असा आवाज करून मोडला, की कढई तत्काळ खाली उतरवावी. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ आणि हवा असल्यास किंचित खाण्याचा सोडा घालून तूप लावलेल्या ताटात ओतावे व गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्या. निवल्यावर त्या रेघांवर ती आपोआप मोडते. पाव किलो गुळात बोटाच्या पेराएवढे पन्नासएक तुकडे होतात आणि विस्तवाचे काम पंधरा मिनिटांपलीकडे जात नाही. मात्र उकळता पाक हा उकळत्या पाण्याहून भयंकर असतो. तो कातडीस चिकटतो. मुलांनी रेघा पाडण्याच्या वेळी यावे, त्याआधी नव्हे.

ज्यांना दुधाची मऊ टॉफी हवी त्यांनी एक वाटी साखर कोरडीच मंद आंचेवर वितळवावी, ती मधाच्या रंगाची होताच त्यात अर्धी वाटी कोमट साय थोडी थोडी घालावी (ती जोराने फसफसते, म्हणून भांडे खोल असावे), दोन चमचे तूप घालावे आणि पाण्यातील थेंबाची घट्ट गोळी होईपर्यंत आटवावे. नुसत्या साखर-पाण्याचा पाक साखरतो, म्हणजे त्यात पुन्हा कण धरतात; त्यावर लिंबाचे चार थेंब हा आपल्या आज्यांचा उपाय आहे. आम्लाने साखरेचा काही भाग फुटून तिच्या दोन साध्या शर्करा होतात आणि त्या कण जमू देत नाहीत. कारखान्यात ग्लुकोजचे द्रावण घालतात ते बरेचसे याच कामासाठी. गुळात अशा शर्करा मुळातच असतात, म्हणून गुळाचा पाक नवशिक्यासही साधतो. आमचा सौंसर-पांढुर्णा भाग संत्र्यांचा. तेव्हा संत्र्याची चव हवी असेल तर वाळविलेल्या सालीची पूड शेवटी घालावी. रस घालण्याच्या मोहात पडू नये. आम्ही पडलो होतो. आंबट रसाने साखर इतकी फुटली की ती टॉफी चमच्याने वाढावी लागली.

कोणी म्हणेल, गुळाची टॉफी म्हणजे शेवटी चिक्कीची बहीण; मग चिक्कीच करा ना. जरूर करा. तिळाची करा, जवसाची करा, फल्लीदाण्यांची करा. गोव्यातील जत्रेत खाजेकार जे खाजे विकतो, त्यात तरी काय असते? बेसनाच्या कांड्या, त्यांवर गुळाचा पाक, आले आणि तीळ. त्या खाज्यास आज भौगोलिक निर्देशनाचा दर्जा मिळाला आहे आणि देवदर्शन करून घरी परतणारा मनुष्य खाज्याचा पुडा घेतल्यावाचून जत्रा पुरी झाली असे मानीत नाही. तेथे देऊळ आणि पाक यांची फारकत झालेली नाही. आमच्याकडे ती होऊ घातली आहे, हे आमचे दुःख.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूचा आहे आणि तो आम्ही थट्टेवारी नेणार नाही. गोड ते गोडच. गूळ म्हणजे औषध, तो कितीही खावा, असे सांगणारे आमच्या बाजूने बोलत असले तरी ते खोटे बोलतात. गुळात लोह व इतर क्षार थोडे असतात, पण त्याचा मुख्य भाग साखरच आहे. दातांस आणि मधुमेहाच्या माणसास तो साखरेइतकाच वैरी. आमचे म्हणणे इतकेच की, घरची टॉफी वर्षातून चार वेळा होते, कारण ती करावी लागते. दुकानाची रोज होते, कारण ती नुसती उघडावी लागते.

स्वच्छतेच्या नावाने कागदाचे गोडवे गाणाऱ्यांनी सणाच्या दुसऱ्या दिवशी गावातील गटारे पाहावीत, म्हणजे पुरे.

खरी हानी मात्र याहून निराळी आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला. कचेरीची भाषा हिंदी, बहुतेक शाळांची हिंदी, फलकांची हिंदी. याविषयी आमचे भांडण नाही. परंतु मराठी येथे टिकली ती कचेरीत नव्हे, स्वयंपाकघरात टिकली. सराटा, गंज, फल्लीदाणे, एकतारी, दोनतारी, गोळीबंद, पाक साखरला, पाक पुढे गेला, हे शब्द पुस्तकांतून आले नाहीत. आई कढईजवळ उभी राहून जे बोलत असे, ते ऐकून आले. ज्या घरात पाक होत नाही त्या घरात ‘गोळीबंद’ हा शब्द उच्चारण्याचा प्रसंगच येत नाही. आणि ज्या शब्दाचा प्रसंग गेला तो दुसऱ्या पिढीत मरतो. परराज्यात वा परदेशांत राहणाऱ्या आमच्या कोकणी बांधवांस हे अधिक समजावून सांगावयास नको. माडाच्या गोडाचे दुकान तेथे नसेल तर ‘गोड’ या शब्दाचा तो अर्थ मुलांस कसा सांगावयाचा, हे त्यांनी अनुभवलेले आहे.

आणि कृतीस काही मोल नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी व्यापाऱ्यांकडे पाहावे. विले पार्ल्याच्या पार्ले कारखान्याने १९२९ साली आरंभ केला तो गोळ्या-मिठाईने; बिस्किटे मागून आली. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला व पुढे १९४२ पासून तेथील गोळ्या महाराष्ट्रातील पोरासोरांच्या तोंडी बसल्या. त्या रावळगावचा गोळ्यांचा व्यवसाय २०२४ च्या फेब्रुवारीत रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांस घेतला; आणि त्या सौद्यात घेतले काय, तर बोधचिन्हे, नावे आणि कृती. म्हणजे पाक किती आटवावा आणि त्यात काय घालावे, या ज्ञानास धनिक मनुष्य कोटींनी पैसे मोजतो. आणि आमच्या घरातील तेच ज्ञान आम्ही एका पुडक्याच्या सोयीसाठी फुकट सोडून देतो. व्यापाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ते आपला धंदा जाणतात. आपले घर आपण जाणत नाही.

जामसावळीसारख्या मोठ्या क्षेत्री, जेथे गर्दीचा अंत नाही, तेथे घरच्या कढईने भागणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु दीडदोनशे घरांच्या गावातील देवळास ही सबब सांगता येत नाही. चार घरांनी चार किलो गूळ वाटून घेतला तर आठशे तुकडे होतात. पंचांनी आपला ठराव मागे घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्यात एक शब्द घालावा. टॉफीस मनाई नको, विकतच्या टॉफीस असावी. आणि पुरुषमंडळींनी हा ठराव करून कढई बायकांच्या गळ्यात बांधू नये. गूळ फोडणे, पाक गाळणे आणि ताटे उचलणे ही कामे मिशा असलेल्या मनुष्यासही जमतात.

एक अडचण उरते, तीही सांगून टाकतो. पोळा पावसाळ्यात येतो आणि ओल्या हवेत टॉफीस पाणी सुटते. आम्ही गेल्या खेपेस पहिले ताट उघडे ठेवले, ते तासाभरात चिकट झाले. दुसऱ्या ताटातील तुकडे निवताच तेलकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले, ते चार दिवसांनीही कट् वाजत होते. येत्या तान्ह्या पोळ्यास आमच्या घरी पाव किलोच्या चार कढया आदल्या रात्री उतरवावयाच्या ठरल्या आहेत. शेजारच्या दोन घरांनी गूळ आणला आहे, तिसऱ्या घरच्या आजींनी सुंठ कुटण्याचे पत्करले आहे, आणि ज्या मुलाची पिशवी आम्ही ओतली होती तो रेघा पाडावयास येणार आहे.